पेन्शन घरात राहावी म्हणून

आमच्या शेजारच्या गावाच्या तोंडाशी योगराज मडावीच्या नावाची सिमेंटची कमान आहे. कमानीवर योगराजचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा, आणि ज्यांनी कमानीला निधी दिला त्यांची तोंडं परातीएवढी. त्या कमानीखालून स्कूटर काढताना मी मान वर करत नाही. उमर फौजेत घालवून सुभेदार म्हणून घरी आलो तेव्हा मला एक गोष्ट कळली. आपल्या लोकांना जिवंत फौजीपेक्षा मेलेला फौजी फार आवडतो. जिवंत असला की तो शेताच्या धुऱ्याच्या भांडणात बोलतो, रेशन दुकानदाराला जाब विचारतो. मेलेला बिचारा फोटोत गप्प बसतो, आणि त्याच्या नावाने येणारं सगळं खायला चार हात मोकळे होतात.

दिल्लीत दर काही वर्षांनी फौजींच्या पगाराचा, पेन्शनचा, विधवांच्या हक्काचा काहीतरी सुधारलेला कायदा किंवा नियम निघतो. टीव्हीवर दोन दिवस झेंडे फडकतात. मग तो नियम गोंदियाला पोचतो, तिथून तिरोड्याला, आणि तिरोड्याहून चोरखमाऱ्याच्या नहराकाठच्या आमच्या गावांत येईपर्यंत त्याचं काय होतं हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. लिहितोय ते कोणाला बरं वाटावं म्हणून नाही. माझ्या तोंडाची कडू चव अजून गेलेली नाही म्हणून लिहितोय.

योगराज गेल्या वर्षी काश्मीरमध्ये चकमकीत गेला. त्याची बायको रीना. पुस, म्हणजे पौष, मध्यावर आला होता, धान बांधीतून खऱ्यात, म्हणजे खळ्यात, येऊन पडलं होतं, तेव्हा एका दुपारी ती लहानग्या लेकीला, खुशीला, कडेवर घेऊन माझ्या दारात आली. माझ्या बायकोने, प्रेमिलाने, पाणी दिलं. रीना पाणी प्यायली आणि तांब्या खाली ठेवला.

"सुभेदार काका, एक विचाराचं होतं," ती म्हणाली. "दिराशी पाट नाही लावला तर पेन्शन बंद होते का?"

"कोण म्हणतो?"

"सारेच म्हणतात. मामंजी म्हणतात, दीर गुलशन म्हणते. सासूबाई तर रोजच म्हणते. वरीस झालं का सायेब चौकशीले येते म्हणे, पाट लागला का पायते, आन नसन लागला तर पेन्शन बंद करते."

मला आधी हसू आलं. मग तिचं तोंड पाहिलं आणि हसू जागच्या जागी विरलं.

पाट म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आमच्या या जंगलपट्टीत गोंडांमध्ये विधवा बाई दुसरं लग्न करू शकते, त्याला पाट लावणं म्हणतात. बँड नाही, वरात नाही. चार जाणती माणसं, नवं लुगडं, बांगड्या, झालं. घरात लग्नाचा दीर असला तर आधी त्याचा विचार होतो. यात वाईट काही नाही. मी पोवार माणूस. माझ्या लहानपणी आमच्यात विधवेने जरा धुतलेलं लुगडं नेसलं तरी लोकांच्या पोटात दुखायचं. त्यापेक्षा गोंडांची ही रीत कितीतरी माणसासारखी, कारण तिच्यात बाईला सगळ्यांसमोर विचारतात. ती नाही म्हणाली की विषय संपला.

"तुझ्या मनात काय आहे?" मी विचारलं.

"गुलशन मले वहिनी म्हणते, काका. मी या घरात आली तवा तो शाळेत जाये. त्याचा डबा मी भरला. त्याले गोवर निघाला तवा रात-रात मीच बसली त्याच्यापाशी. त्याच्यासंग आता..." तिने वाक्य तिथेच सोडलं आणि खुशीचं नाक पदराने पुसलं. "मले कोणासंगच नाही कराचं. पोरगी शिकवाची आहे. पण पेन्शन गेली तर कायच्यावर शिकवू?"

मी तिला सरळ सांगितलं. लढाईत गेलेल्या जवानाची बायको लग्नाशिवाय राहिली तर तिच्या पेन्शनला कोणी हात लावत नाही. आजही नाही, पूर्वीही नव्हता. एक जुनी अट होती, की बाईने दुसरं लग्न केलं तर ते दिराशीच करावं, दुसऱ्या कोणाशी केलं तर पेन्शन थांबेल. ती अटसुद्धा सरकारने कधीची काढून टाकली. आता तिने कोणाशीही लग्न केलं तरी, पोरीला नीट सांभाळलं की पेन्शन चालू राहते. कोणी साहेब पाट लागला का ते बघायला येत नाही.

"मंग हे सारं खोटं आहे?"

"साफ खोटं."

मला वाटलं तिला आनंद होईल. तिने फक्त खुशीला मांडीवरून उतरवलं आणि म्हणाली, "तुमी घरी येऊन सांगा. माझं तिथं कोणी आयकत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. योगराज गेल्यावर त्या घराला पुढून टाइल्स लागल्या होत्या. अंगणात नवीकोरी मोटरसायकल उभी होती आणि योगराजचा धाकटा भाऊ गुलशन तिला फडक्याने पुसत होता. अंगात योगराजचं फौजी जाकीट. हा पोरगा नागझिऱ्याच्या गेटवर जिप्सी चालवतो, आणि पर्यटकांना सांगतो की मी शहिदाचा भाऊ आहे. नागपूरचे, पुण्याचे लोक हळहळतात आणि हातावर नोट ठेवतात. हे मला गेटवरच्या लोकांनीच सांगितलं होतं, हसत.

"जाकीट काढ," मी म्हणालो.

"काऊन काका? थंडी आहे."

"थंडी असेल तर घोंगडी घे. ते जाकीट तू कमावलेलं नाही."

त्याने काढलं नाही. नुसता दात दाखवून हसला आणि फडकं पिळलं. तेवढ्यात त्याचा बाप झाडू खाटेवरून म्हणाला, "बसा, सुभेदार." सकाळच्या त्या वेळेलाही त्याच्या तोंडाला मोहाच्या दारूचा वास होता. पडवीत त्याची बायको जमुना सुपाने धान पाखडत होती. रीना दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

मी विषय काढला. पहिली उसळली ती जमुना.

"पाट लावाले काय जाते हिचं?" सूप न थांबवता ती म्हणाली. "मी नाही लावला? माझा पयला मालक बिसराम. या झाडूचा मोठा भाऊ. फौजेतच होता, श्रीलंकेत मेला. मी तवा एवढीशी होती, आन याले मिसरूड नव्हती फुटली. सासरा म्हणे, धाकट्यासंग पाट लाव, नाही तर सरकार पेन्शन बंद करते, उपाशी मरशील. लावला. मेली का मी?"

ही गोष्ट मला माहीत नव्हती. मी फौजेत होतो तेव्हाचं हे सगळं, आणि परत आल्यावर जमुना म्हणजे झाडूची बायको एवढंच मी धरून चाललो होतो. मी तिच्याकडे पाहिलं. झाडूच्या हातचा मार तिने किती खाल्ला हे गावाला माहीत होतं. डाव्या हाताचं मनगट वाकडं होतं, ते नहराच्या पाळीवर पडून झालेलं नव्हतं हेही माहीत होतं.

"जमुनाबाई," मी म्हणालो, "तुम्हाला त्या वेळीही खोटं सांगितलं. पाट लावायची सक्ती कधीच नव्हती. तुम्ही तशाच राहिला असता तरी बिसरामची पेन्शन तुम्हाला जन्मभर मिळाली असती."

सूप थांबलं.

मी झाडूकडे वळलो. वाटलं, आता हा वाद घालेल, म्हणेल सुभेदारा तुला काय कळतं. मी त्याची तयारीही करून गेलो होतो. झाडू तळहातावर तंबाखू चोळत होता. चुना लावला, दोन थापा मारल्या, चिमूट ओठाखाली सारली, आणि म्हणाला, "मालूम आहे."

"काय मालूम आहे?"

"हेच. तुमी जे सांगून राहिले ते. गोंदियाच्या सायबानं बाबाले तवाच सांगतलं होतं. बाई बसून रायली तरी पेन्शन भेटते म्हणून. मी होतो ना संगं."

"मग?"

"मंग काय गा? बसून थोडीच रायली असती? जवान होती. मायच्या घरी गेली असती आन पेन्शन पदरात बांधून नेली असती. आमी काय पायत बसलो असतो?" तो मला समजावून सांगत होता, एखाद्याला बैल कसा निवडावा ते सांगतात तसा.

"आणि ती अट सरकारने काढली, ते?"

"ते बी मालूम आहे. बँकेत एक रिटायर हवालदार भेटला होता, त्यानं सांगतलं. योगराज तवा रांगून राहिला होता."

"इतकी वर्षं झाली! आणि तू हिला सांगितलं नाहीस?"

"कायले सांगू?" झाडू हसला. "गायीले कोणी सांगते का, तुझं दावं सुटलं म्हणून?"

मी फौजेत कुजलेली प्रेतं उचलली आहेत. नाकाला फडकं बांधून उचलली, नंतर हात धुतले, जेवलो. त्या अंगणात मला तसं करता आलं नसतं. मुख्य म्हणजे झाडू रागावलेला नव्हता, लाजलेला नव्हता. त्याने एक चांगला सौदा केला होता आणि तो कोणाला सांगायला मिळाला याचं त्याला बरंच वाटत असावं. गुलशनही हसला. बापाची हुशारी पोरगा ऐकत होता, शिकत होता.

जमुना उठली नाही. ओरडली नाही. फक्त विचारलं, "बुढ्या सासऱ्याले मालूम होतं?"

"होतं म्हणून तर सांगतलं ना."

"तो खाटेवर पडला तवा पाच वरसं त्याचं हागणं-मुतणं मी काढलं," जमुना म्हणाली. कोणाला उद्देशून म्हणाली ते कळलं नाही. मग तिने सूप पुन्हा हातात घेतलं, पण त्यातलं धान जमिनीवर सांडत राहिलं आणि तिचं लक्ष गेलं नाही.

मला वाटलं इथे संपलं. मी किती खुळा! झाडूने तंबाखूची पिचकारी टाइल्सच्या कडेला मारली आणि म्हणाला, "बरं झालं तुमी आले, सुभेदार. आता सूनले बी मालूम झालं का कोणाशीही लगन करता येते. म्हणजे आता उशीर करून नाही चालत. मी म्हणत होतो धान मळून झाल्यावर पाट लावू. आता परवाच उरकून टाकतो."

"तिला करायचं नाही," मी म्हणालो. "ती घर सोडेल."

"सोड म्हणा. कोणं पकडलं? जिले जायाचं तिनं जावं. पोरगी मडाव्याची आहे, ती इथं रायते." त्याने रीनाकडे पाहिलंही नाही. "आन पोरगी सांभाळली तरच बाईले पूरी पेन्शन, हे बी मालूम आहे मले. तुमी एकटेच शिकलेले नाही."

हे झालं आमच्या सुधारलेल्या कायद्याचं. सरकारने बाईला मोकळं केलं, आणि ती मोकळी झाली हे कळताच यांनी घाईघाईने फाटक लावायला घेतलं. कायदा लिहिणाऱ्या शहाण्या माणसाने पोरीला सांभाळण्याची अट पोरीसाठीच घातली असेल. झाडूच्या हातात तीच अट पोरीच्या मानेला धरायचा आकडा झाली. असल्या माणसासाठी कुठला कायदा लिहावा ते मला आजही सुचत नाही.

मी मंगरूबुवाकडे गेलो. तो त्या गावचा भुमका, म्हणजे गोंडांच्या देवाचं सारं करणारा. पाट तोच लावतो. त्याच्या बापानेही तेच केलं. मंगरूने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मी तिले विचारतो, सुभेदार," तो म्हणाला. "रीतच तशी आहे. ती नाही म्हणली तर मी बांगडीले हात लावत नाही. पण हो म्हणली तर मी कोण नाही म्हणणारा?"

"पोरगी जाईल या भीतीने ती हो म्हणेल."

"मनात काय आहे ते देवाले दिसते. मले तोंडातलंच आयकू येते."

म्हणजे सगळं रीनाच्या तोंडच्या एका शब्दावर आलं. रीनाला मी निरोप पाठवला, की काही झालं तरी नाही म्हण, पोरीसाठी आपण कोर्टात जाऊ. प्रेमिला स्वतः जाऊन सांगून आली. परत येऊन म्हणाली, "ते खुशीले तिच्यापाशी झोपू बी देऊन नाही राहिले. झाडू आपल्या खाटेवर घेऊन झोपते." असं म्हणून तिने चुलीत लाकूड इतक्या जोराने सारलं की राख उडाली.

ठरल्या दिवशी दुपारी गावाबाहेर साजाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडाखाली माणसं जमली. जमिनीवर बसायला तणस पसरलं होतं. पुरुष पुढे, बाया मागे. झाडू दाढी करून, धुतलेला सदरा घालून आला होता आणि तरीही पिऊन आला होता. खुशी त्याच्या मांडीवर होती. तिच्या हातात बिस्किटाचा पुडा, आणि झाडूचा हात तिच्या मानेवर. लाडाने ठेवल्यासारखा दिसत होता. गुलशन नवा शर्ट घालून मोबाइलवर काहीतरी पाहत होता. रीनाला विकत आणलेलं लुगडं नेसवलं होतं, त्याच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या.

लोक चहा पीत होते. कोणीतरी योगराजच्या कमानीचा रंग उडाला म्हणून तक्रार करत होता. योगराज मरून वर्ष झालं, त्याची बायको त्याच्या भावाच्या गळ्यात बांधायला बसवली आहे, आणि यांना रंगाची काळजी!

मंगरूने आधी गुलशनला विचारलं, "तुले मंजूर आहे?"

"घरचे म्हणतात तसं," गुलशन म्हणाला. मोबाइलवरची नजर त्याने तेवढ्यापुरतीच काढली.

मग मंगरू रीनाकडे वळला. "बाई, तुले या घरच्या धाकट्यासंग पाट लावाचा आहे का? मनापासून सांग. कोणाले भेऊ नको."

रीनाने तोंड उघडलं. माझी खात्री आहे की ती नाही म्हणणार होती. ओठ तसेच झाले होते. तेवढ्यात खुशीने तिला पाहून "माय" अशी हाक मारली आणि उठायला गेली, आणि झाडूने तिला मांडीवर परत दाबली. जोराने नाही. बिस्किटाचा चुरा तिच्या तोंडाला लागला होता तो त्याने बोटाने पुसला.

"खुशी माझ्यापाशी रायते का?" रीनाने मंगरूला विचारलं.

उत्तर झाडूने दिलं. "पाट लागला तर रायते."

"मी तुले पाटाचं विचारून राहिलो, बाई," मंगरू म्हणाला. "पोरीचं नाही."

"मंग हो," रीना म्हणाली. "हो."

लोकांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. एका बाईने बांगड्यांचा कागद सोडायला घेतला. मी उठून उभा राहिलो आणि परेडच्या मैदानावर ओरडायचो तसा ओरडलो, की हे विचारणं नव्हे, ही पोरगी ओलीस ठेवून वदवून घेतलेलं आहे, तुम्हाला दिसत नाही का? सगळ्यांना दिसत होतं. त्यांच्या तोंडावरूनच कळत होतं की दिसतंय. एक म्हातारा हळूच म्हणाला, "सुभेदार, तुमी पोवार. आमच्या रीतीत नोका बोलू." बाकीच्यांनी माना हलवल्या. त्या माना हलवणाऱ्यांची मला झाडूपेक्षाही जास्त किळस आली. झाडूला निदान काय हवं ते माहीत होतं. हे लोक फुकटात त्याचे झाले होते, चहाच्या एका कपावर.

मी बसलो. दुसरं काय करणार होतो?

तेव्हा बायांमधून जमुना उठली. त्या दिवसानंतर ती कोणाशी बोलली नाही असं रीनाने नंतर मला सांगितलं. रांधलं, वाढलं, भांडी घासली, पण तोंडातून शब्द नाही. ती चालत पुढे आली आणि मंगरूसमोर उभी राहिली. पुरुषांच्या बैठकीत बाईने असं येणं लोकांना आवडलं नाही, पण कोणी अडवलं नाही.

"मंगरू, माझा पाट कोणं लावला?"

"माझ्या बापानं."

"मले विचारलं होतं त्यानं?"

"विचारलं असन. विचारल्याबिगर लावतच नाही."

"विचारलं. याच झाडाखाली विचारलं. मी हो म्हणली. जशी ही आता म्हणली, तशीच." जमुनाचा आवाज चढला नव्हता. "मले खोटं सांगून हो म्हणवलं. हिले पोरगी दाबून हो म्हणवून राहिले. असा हो चालते का तुझ्या देवाले?"

लोकांना वाटलं मंगरू तिला हटकेल. मलाही तेच वाटलं होतं, कारण त्याचा बापच यात आला होता.

"सांग ना. चालते का?"

"नाही चालत," मंगरू म्हणाला. त्याने बांगड्यांचा कागद त्या बाईच्या हातून काढून घेतला आणि आपल्या गुडघ्याखाली ठेवला. "हिचा पाट नाही लागत. मी नाही लावत."

"मंग माझा बी लागला नव्हता," जमुना म्हणाली.

ती खाली वाकली. पायाखालच्या तणसातून एक काडी उचलली, झाडूच्या समोर धरली आणि मोडली. आमच्या भागात पंचांसमोर काडी मोडली की नवरा-बायकोचं नातं तुटतं. सगळ्या जातींत हे माहीत आहे. पण नातवंडं झालेल्या बाईने काडी मोडलेली मी पाहिली नव्हती. तिथल्या कोणीच पाहिली नसावी, कारण माणसं एकमेकांची तोंडं पाहू लागली. काडीचे दोन तुकडे तिने झाडूच्या धुतलेल्या सदऱ्यावर टाकले.

"पागल झाली का वो?" झाडू म्हणाला.

जमुनाने त्याच्या मांडीवरून खुशीला उचललं. झाडूचा हात उठला, सवयीने उठला. मी उठलो, पण माझ्याआधी मंगरूच बोलला, "हात खाली." झाडूने सभोवार पाहिलं. ज्यांनी मघाशी माना हलवल्या होत्या त्यांच्याकडे पाहिलं. आता त्यांच्या माना खाली होत्या. वारा फिरला की हे लोकही फिरतात, आणि त्यात त्यांना लाजबीज काही वाटत नाही. मघाचा तो म्हातारा तर "बाईचं बी बरोबर आहे" असं पुटपुटायलाही लागला.

"पोरगी आजीसंग जाते," जमुना म्हणाली. "आजी सुनेसंग रायते. कोणाले काई म्हणाचं असन तर आताच म्हणा, मागून घरी याचं नाही." मग गुलशनकडे वळून म्हणाली, "तू माझ्या पोटचा आहेस म्हणून सांगते. उद्यापासून हिच्यासमोर मान खाली घालून यायचं. नाही तर बापासंग राय."

गुलशनने मोबाइल खिशात घातला. त्याला काय वाटलं ते मला माहीत नाही आणि जाणून घ्यायची इच्छाही नाही.

रीना उठली. नव्या लुगड्याच्या घड्या पायात येत होत्या, तिने त्या वर खोचल्या आणि सासूच्या मागे चालू लागली. खुशी आजीच्या खांद्यावरून मागे बघत उरलेलं बिस्किट खात होती.

झाडू उठून उभा राहिला. सदऱ्यावरचा काडीचा एक तुकडा खाली पडला, दुसरा चिकटून होता. त्या माणसाने त्या बाईबरोबर उभा जन्म काढला होता. तिला तीन पोरं झाली होती, त्यातलं एक लहानपणीच गेलं, एक देशासाठी गेलं. तिने त्याच्या बापाची घाण काढली, याची दारू उतरवली. मला वाटलं आता तरी तो तिला नावाने हाक मारेल. शिवी देईल, रडेल, काहीतरी माणसासारखं करेल.

"आन पेन्शन?" झाडूने मागून ओरडून विचारलं. "पेन्शनचं काय?"

कोणीतरी फिसकन हसलं. मला हसू आलं नाही. मी तोंड फिरवून साजाच्या बुंध्यापासून दूर जाऊन थुंकलो.

जमुना थांबली नाही. मागे वळलीही नाही. खुशीला तिने या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"बिसरामले जाऊन विचार," ती म्हणाली.